ड्रायव्हर नुसता बसलेला नसतो

२००९ साली केंद्रीय क्रीडा मंत्रालयासमोर एक अर्ज आला होता. भारतात फॉर्म्युला वनची शर्यत भरवू पाहणाऱ्या कंपनीला त्यासाठी मोठी रक्कम डॉलरमध्ये परदेशी पाठवायची होती. मंत्रालयाने परवानगी नाकारली. हा निव्वळ खेळ नव्हे, ही करमणूक आहे, धंदा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. शर्यत पुढे झाली. ग्रेटर नोएडातल्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला. मग कराच्या आणि पैशाच्या वादात ती गेली ती आजवर परत आलेली नाही. मंत्रालयाचा मुद्दा बराचसा पैशाचा होता हे मान्य. पण ‘हा खेळ नव्हे’ हे वाक्य त्या वेळी कुणाला खटकलं नाही, आणि मला त्याबद्दल बोलायचं आहे.

कारण ती समजूत दिल्लीपुरती नाही. आपल्या सोलापूरच्या सात रस्त्याला चहा पिता पिता विषय काढून बघा. “त्यात खेळ कसला? पळतंय ते इंजिन. माणूस नुसता बसलेला असतो,” हेच ऐकायला मिळेल. कुस्तीत घाम दिसतो, कबड्डीत दम दिसतो. शर्यतीच्या गाडीत हेल्मेटशिवाय काहीच दिसत नाही.

ड्रायव्हर नुसता बसलेला नसतो, एवढंच माझं म्हणणं आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर हे मोजून सिद्ध झालं आहे आणि त्या मोजमापावरून तिथले नियम बदलले आहेत. रस्त्यावर मात्र आपण त्याला अजून बसलेला माणूसच समजतो. सोलापूर हे गाव ड्रायव्हरांच्या जिवावर चालतं. पुणे-हैदराबाद, धुळे-विजापूर आणि रत्नागिरी-कोल्हापूरकडून येणारा असे मोठे रस्ते इथे एकमेकांना भेटतात. त्यामुळे या समजुतीची किंमत आपण इतरांपेक्षा जास्त मोजतो.

आधी शर्यतीतलं शरीर बघू. फॉर्म्युला वनची शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते, म्हणजे जवळपास सोलापूर ते हैदराबाद. ते अंतर हे लोक दीड-दोन तासांत कापतात. वेगवान वळणावर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर येतो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरलं, तर त्या क्षणी मानेला एका बाजूला तीस-पस्तीस किलोचा ओढा बसतो. वळण संपतं, लगेच पुढचं येतं, ओढा दुसऱ्या बाजूला. पन्नास-साठ फेऱ्या हेच. आपल्या तालमीतल्या वस्तादाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. खडाखडीत समोरच्याचा हात मानेवर पडतो तेव्हा काय होतं हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तर तो पोरांना डोकं मातीला टेकवून, अंगाची कमान करून मान घडवायला लावतो. शर्यतीतले ड्रायव्हर पट्टे बांधून, वजनं लावून तेच करतात. त्यांची मान कानापासून खांद्यापर्यंत सरळ उतरलेली असते, पैलवानासारखीच.

ब्रेकचं तर आपल्या कल्पनेतही बसत नाही. आपल्या गाडीचा ब्रेक पायाच्या बोटांनी दाबला तरी लागतो. तिथे ताशी तीनशेच्या वेगातून वळणासाठी खाली यायचं तर डाव्या पायाने शंभर किलोहून जास्त जोर द्यावा लागतो, तोही अचूक, कारण जरा जास्त झाला की चाकं जाम होतात. हृदयाचे ठोके शर्यतभर मिनिटाला १६०-१७० च्या घरात असतात. लांब पल्ल्याच्या धावपटूचं हृदय असंच चालतं. फरक इतकाच की धावपटूला वारा लागतो. या माणसाच्या अंगावर आगीपासून वाचवणारे कपड्यांचे थर असतात, पाठीमागे इंजिन असतं आणि कॉकपिटमधलं तापमान पन्नास अंशांकडे गेलेलं असतं. सिंगापूरसारख्या दमट ठिकाणी एका शर्यतीत दोन-तीन किलो वजन नुसत्या घामाने उतरतं. प्यायला नळी असते, पण त्यातलं पाणी थोड्या वेळात चहाइतकं गरम होतं.

उष्णतेचा हा विषय सोलापूरकराला जवळचा, म्हणून त्यावर जरा थांबतो.

१९८४ साली अमेरिकेत डॅलसला भर उन्हात शर्यत झाली. शेवटी नायजेल मॅन्सेलची गाडी बंद पडली. अंतिम रेषा समोर दिसत होती. तो उतरला, गाडी ढकलू लागला आणि तिथेच बेशुद्ध होऊन कोसळला. त्या प्रसंगाची चित्रफीत लोक आजही जिद्दीचा नमुना म्हणून एकमेकांना दाखवतात. माणूस उष्णतेने मरणाच्या दारात जाऊन आला, आणि सगळ्यांना आठवतं ते त्याचं धैर्य.

आता ८ ऑक्टोबर २०२३ ची कतारची शर्यत घ्या. शर्यत रात्रीची होती, तरी हवा गरम आणि दमट होती. त्यात टायर फुटतील या भीतीने एका टायरवर जास्तीत जास्त १८ फेऱ्या असं बंधन घातलेलं. टायर सांभाळून चालवायची गरजच उरली नाही, त्यामुळे ५७ च्या ५७ फेऱ्या सगळे जीव तोडून पळाले. एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली आणि तो तसाच चालवत राहिला. लान्स स्ट्रोलने सांगितलं की वळणांवर त्याची शुद्ध जात होती. लोगन सार्जंट आधीच आजारी होता, त्याने मधेच गाडी आत घेतली. ॲलेक्स आल्बनला शर्यतीनंतर उष्माघाताच्या उपचारांसाठी वैद्यकीय केंद्रात न्यावं लागलं. हे सगळे जगातले सर्वोत्तम तयारीचे लोक. प्रत्येकाचा आहार ठरलेला, व्यायाम ठरलेला, उष्णतेची सवय व्हावी म्हणून तापवलेल्या खोलीत सराव केलेला.

या वेळी मात्र नुसत्या टाळ्या वाजल्या नाहीत. नियम बदलला. २०२५ पासून शर्यतीच्या वेळी उष्णतेचा निर्देशांक, म्हणजे तापमान आणि दमटपणा मिळून काढलेला आकडा, ३१ अंशांवर जाईल असा अंदाज असला की ‘उष्णतेचा धोका’ जाहीर होतो आणि प्रत्येक गाडीत ड्रायव्हरला थंड ठेवणारी यंत्रणा बसवावी लागते. बारीक नळ्यांतून गार द्रव फिरवणारा अंगरखा असतो तो. त्या यंत्रणेचं वजन वाढतं म्हणून गाडीच्या किमान वजनातही वाढ दिली जाते. सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी भांडणारा हा खेळ, आणि त्याने माणूस गार राहावा म्हणून काही किलोंचं ओझं कबूल केलं. सिंगापूरला तो नियम पहिल्यांदा लागू झाला.

३१ अंश. आपल्याकडे होळीच्या आधीच दुपारी त्याच्या वर पारा असतो. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस.

गेल्या उन्हाळ्यात हैदराबाद रोडवर बोरामणीच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो होतो. शेजारी दहाचाकी उभी होती. ड्रायव्हर पन्नाशीचा, तेलंगणाकडचा, मराठी चांगली बोलणारा. त्याने मला केबिनमध्ये चढून बसायला सांगितलं. इंजिनच्या झाकणावर ओलं पोतं टाकलेलं होतं, ते कडेने वाळून कडक झालं होतं. स्टिअरिंगला सुतळीसारखी दोरी गुंडाळलेली, कारण उघडं चाक हाताला चटके देतं. सीटचा फोम बसलेला, त्यावर मण्यांचं आसन. पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीला बांधलेली, ती निम्म्याहून जास्त भरलेली होती. “अण्णा, पाणी पीत नाही का एवढ्या उन्हात?” असं विचारलं, तर म्हणाला, “पितो की. पण पाणी प्यायलं की गाडी उभी करायला लागते. हायवेला कुठं उभी करू? मागनं कोण तरी येऊन ठोकतंय, नाहीतर डिझेल काढून नेतंय.”

शरीरातलं पाणी कमी झालं की आधी लक्ष जातं, मग हालचालीचा वेग जातो. ज्याच्या मागे पंधरा-वीस टन माल आहे, तो माणूस लघवीला जागा नाही म्हणून पाणी कमी पितो आणि पुढचे शंभर किलोमीटर आपल्या मुलाबाळांच्या गाड्यांशेजारून जातो. फॉर्म्युला वनमध्ये निदान दोन तासांनी झेंडा पडतो.

सरकारला हे अगदीच कळत नाही असं नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. चांगला निर्णय आहे, उशिरा का होईना. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या जुन्या आहेत आणि त्या अजून कैक वर्षं धावतील. नव्या गाडीतही डिझेलचा हिशोब मालकाकडे असला की एसीच्या बटणावर हात कुणाचा राहील हे सांगायला नको.

आता मनाकडे येतो, कारण शर्यतीत शेवटी तेच आधी थकतं. १९८८ ची मोनॅकोची शर्यत. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, ७८ फेऱ्या. आयर्टन सेना त्या वर्षी तिथे बाकीच्यांपेक्षा इतका पुढे होता की शर्यत संपत आली तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या प्रॉस्टपेक्षा जवळपास पन्नास सेकंदांची आघाडी होती. संघाने रेडिओवर सांगितलं, सावकाश घे. त्याने वेग कमी केला आणि ६७ व्या फेरीत, बोगद्याच्या अलीकडच्या उजव्या वळणावर गाडी कठड्याला लावली. गाडीत दोष नव्हता, पाऊस नव्हता, मागे कुणी नव्हतं. जोर कमी झाला आणि लक्ष सुटलं. तो गाडीतून उतरला आणि संघाकडे न जाता थेट आपल्या घरी गेला.

मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. एकाग्रता ही इच्छाशक्तीची बाब आहे, माणसाने ठरवलं की ती राहते, असं आपण धरून चालतो. अपघात झाला की म्हणूनच पोलिसांच्या कागदावर ‘चालकाचा निष्काळजीपणा’ येतो आणि प्रकरण मिटतं. पण सेनाइतकी इच्छाशक्ती असलेला माणूससुद्धा दीड तासाच्या ताणानंतर एका क्षणी रिकामा झाला. लक्ष शरीरातून येतं. त्याला झोप लागते, पाणी लागतं, खंड लागतो.

शर्यतवाल्यांनी यावरही नियम केले. फ्रान्समधली ल मांची शर्यत सलग २४ तास चालते. एका गाडीला तीन ड्रायव्हर असतात. सहा तासांच्या कोणत्याही काळात एका माणसाने चार तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही आणि पूर्ण शर्यतीत चौदा तासांच्या वर जायचं नाही. मिनिटांची नोंद ठेवतात. नियम मोडला तर शिक्षा संघाला होते. ड्रायव्हर स्वतः म्हणाला की मला काही होत नाही, मी चालवतो, तरी त्याचं ऐकत नाहीत. दमलेल्या माणसाला आपण किती दमलो आहोत हे कळत नाही, हे त्यांनी स्वीकारलेलं आहे.

आपल्याकडे असा कायदा नव्हता असं समजू नका. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. ल मांच्या नियमाच्या तोडीचा होता तो. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पण नोंद ठेवतो कोण? मुंबईहून संध्याकाळी सातला निघालेली मालमोटार चारशे किलोमीटर कापून सोलापूरच्या जवळ येते तेव्हा पहाटेचे तीन-चार वाजलेले असतात. माणसाचं शरीर झोपेसाठी सर्वांत जास्त झगडतं ती हीच वेळ. मुंबई-हैदराबाद रस्त्यावर सोलापूर नेमकं त्या ठिकाणी पडतं. हा नशिबाचा भाग नाही. अंतर भागिले वेग एवढंच गणित आहे. तरी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कौतुक कुणाचं होतं? एका दमात हैदराबाद गाठणाऱ्याचं. डॅलसला ढकलता ढकलता पडलेल्या मॅन्सेलला जशा टाळ्या मिळाल्या तशाच या टाळ्या. शर्यतीचं जग तिथून चाळीस वर्षं पुढे आलं, आपण तिथेच आहोत.

एसटीच्या ड्रायव्हरचंही वेगळं नाही. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात तेव्हा जुन्या गाडीत डाव्या हाताला इंजिनची धग, मागे उभे प्रवासी, पुढे रस्ताभर चालणारे वारकरी, आणि एकाही माऊलीला धक्का लागता कामा नये. हे काम मानाने कुठल्याही खेळापेक्षा कमी नाही.

याच समजुतीचा आणखी एक बळी म्हणजे आपली तरुण पोरं. रात्री बायपासवर, विजापूर रोडला बाइक उडवणाऱ्या पोरांना वाटतं की शर्यत म्हणजे हिंमत. ॲक्सिलरेटर पिळायला मान लागत नाही, पाय लागत नाही, वर्षानुवर्षांची तयारी लागत नाही. जिगर असली की झालं. त्यांना कायद्याचं कलम १८९ आणि पाच हजारांचा दंड सांगून फरक पडत नाही. त्यांना खरी शर्यत दाखवायला हवी, तिची तयारी दाखवायला हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या सर्किटवर राष्ट्रीय मोटरसायकल स्पर्धेत बेंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा पडला आणि गेला. तिथे आखलेला ट्रॅक होता, हेल्मेट-सूट होता, डॉक्टर होते, रुग्णवाहिका होती. इतकं असून मूल वाचलं नाही. त्या वयाच्या मुलाला तशा गाडीवर बसू द्यावं का हा प्रश्न मला आजही सतावतो, आणि माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण यातलं काहीही नसलेल्या बायपासवर काय होईल, हे त्या पोरांशी कुणीतरी बसून बोलायला हवं. ते पोलिसांपेक्षा तालमीतल्या वस्तादाने किंवा जिममधल्या ट्रेनरने बोललेलं जास्त पटेल.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला, हा पैसेवाल्यांचा खेळ. खरं आहे. कार्टिंगपासून, म्हणजे पोरांच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतींपासून, वर जाईपर्यंत बापाची मिळकत संपते. कोईमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला, रॅलीत पळणाऱ्या गौरव गिलला २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला तो पहिलाच. ही नावं बोटांवर मोजण्याइतकीच राहिली त्याचं कारण पैसाच आहे. म्हणून सोलापुरात ट्रॅक बांधा असं मी मुळीच म्हणत नाही. ज्या शहराने नळाला चार-पाच दिवसांआड येणारं पाणी पाहिलंय तिथे तो पैसा पाण्यावर जावा. दुसरा आक्षेप इंधनाचा. तोही रास्त आहे, आणि त्याच्याशी मी वाद घालत नाही. माझा मुद्दा शर्यत इथे यावी हा नाही. शर्यतीने माणसाच्या शरीराबद्दल जे शिकून ठेवलं आहे ते इथे यावं, हा आहे. ते ज्ञान फुकट आहे आणि त्याची गरज नोएडापेक्षा आपल्याला जास्त आहे.

त्याची सुरुवात कुठून करायची यावर मी बराच विचार केला. हायवेवर ट्रक उभे करायला पहारा असलेली, संडास आणि गार पाणी असलेली जागा हवी, हे उघड आहे, पण ते महामार्ग प्राधिकरणाच्या गतीने होईल. माझ्या मते सर्वांत लवकर होण्यासारखी जागा साखर कारखाना ही आहे. राज्यात सर्वाधिक कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपण मोडतो. दिवाळीच्या सुमारास धुराडी पेटली की चार-पाच महिने रस्त्यांवर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर असतात. ड्रायव्हर पंचविशीच्या आतला, पैसे खेपेवर, मालकाने कारखान्याची उचल घेतलेली, त्यामुळे थांबायची सोय नाही. फडात भरायला थांबा, अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत थांबा, गव्हाणीत ऊस खाली करा की परत फडाकडे. झोप ट्रॉलीखाली, मिळेल तेवढी. त्या ट्रॅक्टरवरच्या मोठ्या आवाजाच्या डेकला आपण सगळे शिव्या देतो. मीही तो आवाज सहन करू शकत नाही. पण जागं राहायला त्या पोराच्या हातात दुसरं काय दिलंय आपण?

आणि गंमत म्हणजे नोंद तयार आहे. काट्यावर भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन होतं, मोकळ्याचं होतं, दोन्ही पावत्यांवर गाडी नंबर आणि वेळ असते. चोवीस तासांत तोच ट्रॅक्टर किती खेपा करून आला हे कारखान्याच्या संगणकाला आज रात्रीही माहीत असतं. त्यात ड्रायव्हरचं नाव तेवढं घालायचं आहे. सलग ठरावीक तास झाले की त्या माणसाला पुढची खेप नाही. गाडीचा नंबर जाऊ द्यायचा नाही, दुसरा ड्रायव्हर बसवायचा किंवा हा झोपून उठेपर्यंत नंबर राखून ठेवायचा. शिक्षा ड्रायव्हरला न करता, ल मांसारखी, वाहतूकदाराच्या बिलात. अड्ड्यावर पत्र्याची का होईना सावली, खाटा, पाण्याची टाकी, आणि हंगाम सुरू होताना एकदा डोळे, रक्तदाब, साखर तपासायला डॉक्टर. हंगामाआधी कारखान्यांच्या बैठका होतात, त्यात रिफ्लेक्टर आणि ट्रॉलीच्या उंचीची चर्चा होते. जिल्हाधिकारी, साखर सहसंचालक आणि आरटीओ यांनी या वर्षी त्याच बैठकीत ड्रायव्हरच्या तासांचा विषय घ्यावा. सगळे कारखाने लगेच तयार होणार नाहीत. दोघांनी होकार दिला तरी मार्चअखेर काट्याच्या नोंदी समोर ठेवून बाकीच्यांशी बोलता येईल.